पत्र्याच्या शेडमधला उघडा पफ झाकताना: कामाच्या नोंदी

जळगावहून भुसावळकडे जाताना नशिराबादच्या अलीकडे आमची शेड आहे. ४० फूट लांब, २५ फूट रुंद, कडेला १२ फूट उंच आणि आढ्याला १५. खाली चार फूट उंचीपर्यंत नऊ इंच जाड विटांची भिंत, वर पत्रा. एका बाजूला लाकडाचं काम, दुसऱ्या बाजूला ग्रिल-गेटचं वेल्डिंग. मे महिन्यात आत उभं राहवत नव्हतं, म्हणून २०२४ च्या मार्चमध्ये छताला आणि भिंतीच्या पत्र्याला आतून दोन इंच पफ, म्हणजे फवारून फुगणारा पॉलियुरेथेन फोम, मारून घेतला. एक लाख नव्वद हजार लागले. गारवा खरोखर आला, पण पफ उघडाच राहिला. तो झाकायला पुढच्या वर्षी काय काय करावं लागलं ते इथे लिहून ठेवतो. ज्यांच्या शेडला आतून असाच पिवळट फोम दिसतोय, त्यांनी वाचावं.

११ जानेवारी २०२५

दुपारी साडेतीनला रवी शटरजवळ ग्राइंडरने अँगल कापत होता. भिंत त्याच्यापासून दहा-बारा फुटांवर. विटांची भिंत जिथे संपते तिथे आतून चार-पाच इंचांची कड राहते, तिच्यावर रंध्याचा बारीक भुसा साचलेला होता. ठिणगी तिथे पडली असणार. कोणाला कळलं नाही. दहा मिनिटांनी नानाभाऊ ओरडले, तोवर कडेच्या वरचा वीतभर फोम पेटला होता. ज्योत वर चढत होती, लाकूड पेटतं तशी सावकाश नाही, सरसर. नानाभाऊंनी दोन बादल्या पाणी मारलं आणि विझलं. सगळं मिळून अर्धं मिनिटसुद्धा नसेल, पण आढ्याखाली काळा धूर भरला होता. रवी रात्रीपर्यंत खोकत होता. डॉक्टरांकडे नेलं, दुसऱ्या दिवशी बरा झाला. पॉलियुरेथेन जळताना कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड निघतो. तो धूर आम्ही तिघांनी घेतला.

पफ मारणाऱ्याने आम्हाला सांगितलं होतं, "एफआर आहे भाऊ, पेटतच नाही." माझ्यासमोर तुकड्याला काडी लावून दाखवली होती. काडी काढल्यावर तुकडा विझला होता. मी त्यावर विश्वास ठेवला.

१९ जानेवारी

रविवारी अंगणात, वारा पाठीशी घेऊन, उरलेल्या तुकड्यांवर स्वतः बघितलं. एक तुकडा आडवा ठेवून काडी लावली. कडेला काळा झाला, विझला. पफवाल्याने दाखवलं तेच. मग दोन तुकडे काटकोनात उभे करून कोपरा केला आणि ब्रेझिंगचा टॉर्च तळाशी धरला. तीन सेकंदांत दोन्ही बाजू पेटल्या. टॉर्च काढल्यावरही जळत राहिल्या. कोपऱ्यात एक बाजू दुसरीला तापवते, म्हणून आग थांबत नाही. एफआर म्हणजे ज्वालारोधक मिसळलेला फोम. छोट्या ज्योतीला तो थोडा वेळ दाद देत नाही, इतकाच त्याचा अर्थ. मोठ्या आगीत तो इंधनच असतो.

त्या रात्री बराच वेळ वाचत बसलो. दक्षिण कोरियात इचॉनला २००८ मध्ये शीतगोदामाच्या बांधकामात आग लागून ४० कामगार गेले आणि २०२० मध्ये त्याच शहरात दुसऱ्या गोदामाच्या बांधकामावर ३८. दोन्हीकडे युरेथेन फोम होता. आमची शेड लहान आहे, पण बाहेर पडायला एक शटर आणि एकच दार आहे.

अमेरिकेच्या बांधकाम नियमांत उघडा फोम खोलीच्या बाजूला ठेवताच येत नाही. त्याच्यावर किमान अर्धा इंच जिप्सम बोर्ड किंवा १५ मिनिटं उष्णता अडवणारा तितकाच भरवशाचा थर लागतो. हेच माप धरायचं ठरवलं.

२ फेब्रुवारी

पहिली चूक इथे झाली. दुकानात "आगरोधक फुगणारा रंग" मागितला. २० लिटरचा डबा ९,८०० रुपयांना मिळाला. घरी येऊन पत्रक नीट वाचलं तर तो लोखंडी खांब-तुळयांसाठीचा होता. दुकानदार म्हणाला, "रंग तो रंगच, फोमवरही चालेल."

चालत नाही. लोखंडाची ताकद साधारण ५५० अंशांना निम्म्यावर येते, म्हणून तो रंग लोखंडाला तिथवर पोचू न देण्यासाठी केलेला असतो. फोम त्याच्या कितीतरी आधी, दोनशे-तीनशे अंशांतच विघटित व्हायला लागतो. तरी एका फूटभर तुकड्यावर मारून, चार दिवस वाळवून टॉर्च धरला. रंग फुगला, वर छान काळा कोळसा तयार झाला. कापून बघितलं तर खाली फोम विघटित होऊन वाटीसारखी पोकळी झालेली. वरचं कवच शाबूत आणि आतला माल गायब.

डबा फोडलेला, त्यामुळे परत घेतला नाही. आता डीलरला एकच प्रश्न विचारतो: हा थर फवारलेल्या पफवर मारून केलेल्या चाचणीचा अहवाल आहे का? अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेची २८६ क्रमांकाची ही अशी एक चाचणी. ८ बाय १२ फुटांची, ८ फूट उंच खोली, कोपऱ्यात गॅसचा बर्नर, पहिली ५ मिनिटं ४० किलोवॅट आणि पुढची १० मिनिटं १६० किलोवॅट. अहवालात किती मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) थरावर चाचणी झाली तो आकडा असतो. तो आकडा सगळ्यात महत्त्वाचा. चार डीलरांपैकी एकाकडेच असा अहवाल निघाला. त्याच्या मालाला ओला थर ५०० मायक्रॉन लागतो. दर ६२० रुपये लिटर, वर १८ टक्के जीएसटी.

१४ फेब्रुवारी

काम सुरू. मशीनं अंगणात ताडपत्रीखाली हलवली. शेडच्या आत वेल्डिंग आणि ग्राइंडिंग आजपासून पूर्ण बंद. ठिणगीच्या कामापासून जळाऊ माल ११ मीटर लांब ठेवावा असं जगभर मानतात. आमची शेड २५ फूट म्हणजे साडेसात मीटर रुंद, म्हणजे आतापर्यंत आम्ही नियम पाळूच शकत नव्हतो.

भिंतीसाठी गवंड्याने सुचवलं, कोंबडजाळी ठोकून सिमेंटचा गिलावा करू, स्वस्तात होईल. मलाही पटलं.

१७ फेब्रुवारी

नाही झालं. दहा बाय आठ फुटांचा एक खाना केला. काल संध्याकाळी चांगला दिसत होता, सकाळी येऊन बघतो तर मधला भाग पोट सुटल्यासारखा पुढे आलेला. दुपारी जाळीसकट खाली आला आणि सोबत फोमचं वरचं कातडं ओरबाडून घेऊन आला. जाळी फोममध्येच रुतवलेल्या खिळ्यांवर होती, लोखंडाला कुठे धरलेलीच नव्हती. अर्धा इंच ओला गिलावा चौरस मीटरला पंचवीस किलोच्या आसपास भरतो, तो फोमने कसा पेलावा? तीन दिवस आणि ३,४०० रुपये गेले. वजनाचं काहीही लावायचं तर त्याचा भार पत्र्यामागच्या लोखंडावरच गेला पाहिजे.

ठरलं: भिंतीला साडेबारा मिलिमीटरचा आगरोधक जिप्सम बोर्ड, गुलाबी कागदाचा, जीआयच्या (जस्त चढवलेल्या लोखंडाच्या) फ्रेमवर. छताला फवारणीचा थर. जिप्सममध्ये वजनाच्या एकपंचमांश पाणी बांधलेलं असतं. आग लागली की आधी त्या पाण्याची वाफ व्हावी लागते आणि तोवर बोर्डाची मागची बाजू शंभर अंशांच्या आसपासच राहते. बोर्ड पाण्याला आणि धक्क्याला नाजूक खरा, पण आमच्याकडे खालचे चार फूट विटा आहेत, पाट्या-अँगलचा मार तिथेच बसतो.

१८ ते २३ फेब्रुवारी: वायरिंग

हे काम यादीत नव्हतंच. फ्रेमसाठी लोखंड शोधताना बारीक तार फोममध्ये खुपसत होतो, तर एके ठिकाणी पीव्हीसीची पट्टी लागली. पफ मारताना जुनं वायरिंग काढलंच नव्हतं, वरूनच फवारलं होतं. वेल्डिंग मशीनची लाइनसुद्धा आत. वायर तापली की उष्णता बाहेर जायला हवा लागते. इथे ती गादीत गुंडाळून ठेवलेली.

वायरमनने एक तुकडा कापून हातावर ठेवला. वेल्डिंगच्या लाइनचं इन्सुलेशन कडक होऊन रंग उतरलेलं, वाकवल्यावर तडकलं. अकरा जानेवारीला ठिणगीने आग लागली, पण या वायरीने ती कुठल्याही रात्री लागली असती, शेडमध्ये कोणी नसताना.

सगळं वायरिंग नवीन केलं, जीआय पाइपमधून आणि फोमच्या बाहेरून. पाचशे वॅटचे दोन हॅलोजन छताच्या फोमपासून हातभर अंतरावर होते, ते काढून एलईडी लावले. १८,३०० रुपये आणि सहा दिवस. कोणी माझ्याकडे पफचं विचारायला आलं तर मी आधी हेच सांगतो: फवारणीच्या आधी वायर बाहेर काढा.

२५ फेब्रुवारी ते ४ मार्च: भिंती

शिवरात्रीचा एक दिवस सुट्टी, बाकी सलग काम. ९८० चौरस फूट भिंत, ६ बाय ४ चे ४६ बोर्ड आणले. एक बोर्ड वीस-बावीस किलोचा, दोन माणसांशिवाय उचलू नये. एकट्याने उचलताना रवीच्या हातून दोन मधोमध मोडले, ते तुकडे वरच्या तिकोनात कामी आले.

तीन इंची सेल्फ ड्रिलिंग स्क्रू फोममधून आरपार लोखंडी पट्टीत घातले. अंदाज चुकला तिथे स्क्रू पट्टी चुकवून थेट पत्र्यातून बाहेर निघाला. बाहेरून फिरून मोजले, अकरा निघाले. काढून वॉशर आणि सिलिकॉनने बंद केले. मध्ये थांबून पट्टीची रेषा खडूने आखून घेतली, मग एकही चुकला नाही. ही रेषा पहिल्या दिवशीच आखायला हवी होती.

फोम आणि बोर्ड यांच्यात बोटभर ते दोन बोटं पोकळी राहते, कारण फोम कुठेच सपाट नसतो. ही पोकळी तशीच सोडली तर ती धुराडं होते. आत कुठे आग शिरली की हवा खालून ओढून वर नेते. म्हणून तळाला, मध्यावर आणि छताला टेकते तिथे रॉकवूलच्या (दगडापासून केलेल्या, न जळणाऱ्या लोकरीच्या) आडव्या पट्ट्या दाबून भरल्या. छताजवळच्या फटीत वरून आगरोधक सीलंट. स्विचच्या डब्यांभोवतीही तेच. नानाभाऊंना हे सगळं जास्तीचं वाटत होतं. मी त्यांना त्या दिवशी ज्योत कशी चढली होती ते आठवायला सांगितलं, मग त्यांनी स्वतः बसून सगळ्या पट्ट्या कापल्या.

विटांच्या भिंतीची ती कड, जिथे भुसा साचला होता, तिच्यावर सिमेंटचा उतार करून घेतला. आता तिथे काही थांबत नाही.

५ ते ७ मार्च: छताची सफाई

चाकांची परांची भाड्याने आणली. फोम वर्षभर उघडा होता. पारदर्शक पत्र्यांच्या आजूबाजूला, जिथे ऊन लागतं, तिथे तो तपकिरी झालाय आणि बोट फिरवलं की हळदीसारखी पूड निघते. पहिल्या दिवशी ब्लोअरने धूळ उडवली, ती सगळी धूळ परत वर जाऊन चिकटली आणि आमच्या डोळ्यांत गेली. दुसऱ्या दिवसापासून कडक ब्रश आणि व्हॅक्यूम, सगळ्यांना चांगले मास्क आणि चष्मे. तपकिरी भाग खालचा घट्ट पिवळा फोम दिसेपर्यंत घासला.

८ मार्च: पहिला खाना

कैच्या (छत पेलणाऱ्या लोखंडी तिकोनी चौकटी) दहा-दहा फुटांवर आहेत, त्यामुळे छताचे सरळ आठ खाने पडतात. प्रत्येक सुमारे १२८ चौरस फूट, म्हणजे बारा चौरस मीटरला किंचित कमी. हिशेब सोपा: चौरस मीटरवर एक लिटर म्हणजे एक मिलिमीटर. ५०० मायक्रॉनला अर्धा लिटर. एका खान्याला सहा लिटर, आठ खान्यांना ४८. मी ६० लिटर आणले होते आणि भरपूर झाले असं वाटत होतं.

एअरलेस मशीन (हवेशिवाय, नुसत्या दाबाने माल फवारणारं) दिवसाला दीड हजार भाड्याने. पहिला तास फुकट गेला, गन सारखी चोंदत होती. माल दाट असतो. चालवणारा मुलगा म्हणाला, पाणी घालू. अर्धा लिटर पाणी घालून मारल्यावर उतारावरून ओघळ आले. पाणी घालू नका. हँडलमधली बारीक जाळी काढून टाकली, १७ ची टिप काढून मोठ्या भोकाची २१ ची लावली, माल सरळ निघाला.

जाडी मोजायचा पत्र्याचा कंगवा फोमवर चालत नाही, संत्र्याच्या सालीसारख्या पृष्ठभागावर त्याचे दात टेकतच नाहीत. म्हणून प्रत्येक खान्यात व्हिजिटिंग कार्डाएवढे पाच पत्र्याचे तुकडे चिकटवले आणि फवारल्याबरोबर त्यांच्यावर मोजलं. ६.२ लिटर संपल्यावर आकडे आले ३५०, ३४०, ३६०, ३५०, ३५०.

तेव्हा लक्षात आलं. फोमचा खडबडीतपणा आणि पत्र्याच्या नळ्या धरून खरं क्षेत्र तीस टक्के तरी जास्त आहे, शिवाय बारा-एक टक्के माल हवेत जातो. ५०० गाठायला खान्याला नऊ लिटर हवेत. डोळ्याला मात्र सहा लिटरमध्येच छत पांढरंशुभ्र दिसत होतं. कंत्राटदाराला दिलं असतं तर मीही तिथेच पैसे देऊन मोकळा झालो असतो.

९ ते १२ मार्च

खान्याला साडेचार लिटरचे दोन हात, पहिला वाळल्यावर दुसरा. प्रत्येक खान्याचे लिटर आणि पाचही आकडे कैचीवर मार्करने लिहून ठेवतो. सकाळी साडेसहा ते साडेदहा एवढंच काम. त्यानंतर आढ्याजवळ इतकं तापतं की माल फोमवर पोचायच्या आधीच हवेत वाळतो आणि पिठासारखा बसतो. दहा तारखेला हट्टाने बारापर्यंत मारलं, तो अर्धा खाना हाताने झटकला तरी पांढरा भुगा पडत होता. घासून परत मारला.

बारा तारखेला माल संपला, सहावा खाना अर्ध्यात. आणखी दोन डबे मागवले. यायला सहा दिवस.

१३ मार्च

होळी. शेडपासून दोनशे पावलांवर गावची होळी पेटते. रात्री दहापर्यंत आम्ही दोघं शटर लावून, पाण्याचे ड्रम भरून बाहेर खुर्च्या टाकून बसलो होतो. अडीच खाने अजून उघडे होते.

२१ मार्च

माल १८ ला आला, आज आठवा खाना संपला. मात्र तिसऱ्या खान्यात पारदर्शक पत्र्याच्या कडेने थर पापुद्र्यासारखा सुटलाय, तळहाताएवढ्या तीन जागी. सुटलेल्या थराच्या मागे तीच तपकिरी पूड. घासताना परांचीवरून हात पोचत नव्हता, तिथे आम्ही नुसता ब्रश फिरवला होता. खरवडून, घासून, परत दोन हात. शिल्लक माल बारा लिटर, झाकण घट्ट लावून सावलीत ठेवला.

२६ मार्च: समाधानासाठी एक चाचणी

ही प्रयोगशाळेची चाचणी नव्हे. पण कामाबरोबर फवारलेले फूटभर तुकडे ठेवले होते, त्यांना एकाच अंतरावरून टॉर्च दिला. उघडा फोम तीन सेकंदांत पेटला. साध्या भिंतीच्या रंगाचा तुकडा सहा सेकंदांत. ३५० मायक्रॉनवाल्याला साडेतीन मिनिटांनी भेग पडली आणि भेगेतून ज्योत आली. ५०० वाला दहा मिनिटं टिकला, कापल्यावर वरचा पाऊण इंच फोम काळा. जिप्सम बोर्डामागचा दहा मिनिटांनी फक्त बदामी झाला होता. ३५० आणि ५०० मधला हा फरक बघून रवीने स्वतःच विचारलं, "भाऊ, पहिल्या खान्याला दुसरा हात मारला होता ना?" मारला होता. नऊ तारखेलाच.

२८ मार्च: हिशेब

छताचा माल पाच डबे ७३,१६०. चुकीचा लोखंडाचा रंग ९,८००. बोर्ड ३३,१२०. जीआय सेक्शन, स्क्रू, जॉइंट टेप आणि पुट्टी २७,४००. रॉकवूल व सीलंट ८,६५०. वायरिंग १८,३००. एअरलेसचे सात दिवस १०,५००. परांची ४,२००. मजुरी ४६,०००. पडलेला गिलावा ३,४००. आग विझवायची सहा किलोची तीन एबीसी पावडर सिलिंडरं ७,३५०. एकूण २,४१,८८० रुपये.

पफपेक्षा त्याचं झाकण महाग पडलं. पफचं कोटेशन घेताना हा आकडा त्याच्या शेजारी लिहिलेला हवा होता, कारण झाकल्याशिवाय ते काम पूर्ण होतच नाही. तेव्हा दोन्ही आकडे समोर असते तर मी छतालाच पफ मारला असता आणि भिंती तशाच ठेवल्या असत्या.

३० मार्च

पाडवा. मशीनं आत आणली, पूजा केली. वेल्डिंग मात्र आत परत आणलं नाही. शटरबाहेर दहा बाय बाराची पत्र्याची पडवी काढली आहे, खाली फरशी, वर पफ नाही. मागच्या भिंतीत दुसरं दार पाडायचं काम मे महिन्यात.

४ ऑक्टोबर

पाऊस संपल्यावर तपासणी. बोर्डाच्या दोन सांध्यांत केसाएवढ्या भेगा, पुट्टीने भरल्या. उत्तरेच्या भिंतीवर एका ठिकाणी बोर्ड ओला, बोटाने दाबला की कागद आत जातोय. बाहेर जाऊन पत्रा बघितला. बाराव्या स्क्रूचं भोक. मार्चमध्ये आम्ही अकरा मोजले होते, हा खिडकीच्या झडपेमागे लपला होता. बोर्ड बदलला, मागचं रॉकवूल काढून उन्हात वाळवून परत भरलं, भोक बंद केलं.

त्याच्या वरच्या कोपऱ्यात छताचा थरही फुगून मऊ झाला होता, दीड फूट बाय एक फूट. हा माल पाण्यावरचा असतो, ओल सतत राहिली की सुटतो. खरवडला, आठवडाभर वाळू दिला, शिल्लक डब्यातल्या मालाचे दोन हात मारले. पत्र्याच्या तुकड्यांवर दोन्ही हातांचे आकडे मिळून ५१०, ५००, ५२०. कैचीवर तारखेसकट लिहिले.

डब्यात साडेदहा लिटर उरलेत.